पाठीवरचा भात

सुलू, मैत्रीण गेली तर रजा मिळत नाही, हे मला तू गेल्यावर कळलं. नवरा, आईवडील, सासूसासरे, भावंडं, एवढ्यांसाठी आमच्या बँकेत सोय आहे. मी विचारायला गेले तेव्हा एचआरमधली मुलगी कीबोर्डवर बोटं ठेवून म्हणाली, "रिलेशनशिप काय टाकू?" चांगली मुलगी आहे, तिचा काही दोष नाही. मी म्हटलं, राहू दे, माझी नेहमीची रजाच टाक. मग खाली उतरले आणि रॅफल्स प्लेसच्या त्या हिरवळीशेजारी उभी राहिले. जेवणाची सुट्टी झाली होती. गळ्यात पट्टे अडकवलेली माणसं हातात डबे घेऊन लगबगीने चालली होती, आणि मला वाटत होतं, यातल्या कुणाला तरी दंडाला धरून सांगावं की अहो, आमची सुलू गेली.

सुतकही नाही मला. तुझ्या जावेला, जिच्याशी तुझं उभ्या जन्मात पटलं नाही, तिला पुण्यात बसून दहा दिवस सुतक होतं. मी मात्र तू गेलीस त्याच्या दुसऱ्या दिवशी खुशाल देवापुढे दिवा लावू शकत होते. लावला नाही, ते सोड. क्रिमेटोरियममध्ये मी तिसऱ्या रांगेत उभी होते. पुढच्या रांगेत नातेवाईक, त्यांच्यामागे तुझ्या नवऱ्याच्या, अविनाशच्या, बोटीवरचे लोक आणि इथल्या मराठी मंडळाचे पदाधिकारी, आणि मग मी. एक बाई मला हळूच म्हणाल्या, "तुम्ही ओळखत होता का यांना?" खोटं वाटेल, पण मी त्यांना नुसतं "हो" म्हटलं. माझं तोंड कसं वाजतं ते तुला माहीत आहे, पण त्या दिवशी त्यातून तेवढंच बाहेर पडलं.

तुझ्या अस्थी समुद्रात सोडल्या. अविनाश मरीन इंजिनियर, वर्षातला निम्मा काळ पाण्यावर काढलेला माणूस, त्याला दुसरं काय सुचणार. छोट्या बोटीतून आम्ही पाच-सहा जण गेलो होतो. तुमची रेवा त्याच्या खांद्याला चिकटून बसली होती, सतरा वर्षांची पोर एकदम दहा वर्षांची दिसत होती. मला सारखं म्हणावंसं वाटत होतं, अविनाश, समुद्र तुझा आहे, तिचा नव्हे. तिला पाणी आवडायचं ते डोंगरातलं, गार, तळ दिसणारं. पण हे सांगणारी मी कोण?

आपली ओळख मंडळाच्या सहलीत झाली ती आठवते ना? मॅकरिचीच्या जंगलात पन्नास मराठी माणसं भडंगाच्या पिशव्या घेऊन निघाली होती आणि पहिल्याच वळणावर माकडाने एक पिशवी पळवली. मी तेव्हा बेडोकला नवीनच राहायला आले होते, एकटी. दोन काकू माझ्या दोन्ही बाजूंनी चालत होत्या आणि लग्न का केलं नाही, आई आहे का, मग आईला इथे का आणत नाही, असं आळीपाळीने विचारत होत्या. तू मागून आलीस, माझ्या कोपराला धरलंस आणि म्हणालीस, "जरा झपाझप चल. यांचे प्रश्न दम लागला की थांबतात." आपण दोघी इतक्या पुढे गेलो की परत येईपर्यंत सगळे जेवून बसले होते. तेव्हापासून आपण चालतोच आहोत. होतो.

माझी आई गेली तेव्हा तू मला एका शब्दाने विचारलं नाहीस की कशी आहेस. रविवारी सकाळी पुंगोलहून दोन गाड्या बदलून आलीस, दारात उभी राहिलीस, म्हणालीस, "बूट घाल." पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्याही. मी तुला कधी थँक्यू म्हटलं नाही, कारण तू मला वेड्यात काढलं असतंस. आता काढ. तू नसतीस तर मी त्या वर्षी त्या फ्लॅटमध्ये नुसती टीव्ही लावून बसून राहिले असते, आणि कदाचित अजूनही तशीच बसलेली असते. हे मी तुला जिवंतपणी सांगायला हवं होतं, पण आपल्यात तशी पद्धत नव्हती.

मग तुझ्या डोक्यात डोंगर शिरले. आता या बेटावर डोंगर म्हणजे एक टेकडी, तीही चहाचा दुसरा कप पिऊन होण्याआधी संपणारी. पाठीवर ओझं घेऊन चढायची सवय करायची कुठे? तू म्हणालीस, "आमच्या ब्लॉकला जिना आहे की." आणि खरंच, सगळं जग लिफ्टने वर-खाली करत असताना आपण दोघी दर शनिवारी तुझ्या पुंगोलच्या ब्लॉकचा जिना चढायचो. प्रत्येकीच्या सॅकमध्ये वजन म्हणून तांदळाची पाकिटं, पाच-पाच किलोची दोन. तुझ्या घरात आंबेमोहोराशिवाय भात शिजत नसे, पण सॅकसाठी आपण सुपरमार्केटातला सगळ्यात स्वस्त थाई तांदूळ घेतला. "ओझ्याला कसला आलाय वास," तू म्हणालीस.

तुझ्या खालच्या मजल्यावरच्या आंटी आठवतात का, हे विचारणंच मूर्खपणाचं. दाराबाहेर लाल देव्हारा आणि कॉरिडॉरभर कुंड्या असलेल्या त्या चिनी म्हाताऱ्या. पहिल्या दिवशी आपण घामाघूम होऊन त्यांच्या मजल्यावर टेकलो तेव्हा पाण्याची झारी हातात तशीच धरून त्यांनी लिफ्ट बिघडली का म्हणून विचारलं, "लिफ्ट स्पॉइल आ?" तू त्यांना इंग्रजीत, हातवारे करून, हिमालय समजावून सांगितलास. त्यांनी सगळं ऐकलं आणि पुढच्या शनिवारी पुन्हा विचारलं, "लिफ्ट स्पॉइल आ?" मग तो त्यांचा विनोदच झाला. आपण दिसलो की त्या तेवढं विचारायच्या आणि स्वतःच हसायच्या.

त्या तांदळाचा नियमही तुझाच. ट्रेक पुरा करून आलं की तो पाठीवरचा तांदूळ शिजवायचा आणि त्याचा दहीभात करून खायचा, आधी नाही. थाई तांदूळ चिकट, वरणाबरोबर गिचका लागतो, पण दहीभाताला झकास. किनाबालूच्या डोंगराचा दहीभात झाला, रिंजानीच्या डोंगराचा झाला. अविनाश त्या-त्या वेळी बोटीवर होता, रेवा तिच्या परीक्षांत बुडालेली, त्यामुळे मोठ्या पातेल्यासमोर आपण दोघीच. तू फोडणीत सांडगी मिरची टाकायचीस आणि म्हणायचीस, "जिना चढून आलेला भात आहे, सावकाश खा." उरलेला भात आपण डब्यात भरून आंटींना नेऊन दिला तेव्हा त्यांनी तो उलटा-पालटा करून बघितला आणि त्यात दही आहे हे कळल्यावर डबा मुकाट्याने परत दिला. तू त्यावर आठवडाभर हसत होतीस.

गेल्या ऑगस्टला आपण काश्मीरला गेलो. सोनमर्गवरून चढून जंगलात शिरलो, त्या पहिल्या दिवशीच मला कळलं की जिना आणि डोंगर यांचा काही संबंध नाही. जिना निदान सरळ असतो. भूर्जाच्या झाडांची साल कागदासारखी सुटून लोंबत होती आणि तू जाता-जाता प्रत्येक झाडाला हात लावत होतीस. दुसऱ्या दिवशी मी सॅक खेचरावर टाकली. लाज वगैरे मला वाटली नाही, खांदे माझे होते. तू मात्र तुझी पाठीवरच ठेवलीस. जंगल संपलं आणि गवताळ मैदान सुरू झालं, मैल न् मैल, मधून पाण्याचे ओहोळ, लांबवर मेंढ्या, आणि पायाखाली ती बारीक निळी-पिवळी फुलं, ज्यांच्यावर पाय पडू नये म्हणून तू वेडीवाकडी चालत होतीस. मी ओरडले, "अगं, सरळ चाल, रात्र होईल इथेच." तू म्हणालीस, "तुझं सामान खेचरावर आहे, तू पुढे हो." टोमणा होता तो, मला कळला होता.

विशनसरच्या तळ्याशी आपण दुपारी पोचलो. तू बूट-मोजे काढलेस आणि पाय पाण्यात घातलेस. माझे पाय घोट्यापर्यंत गेले तोच मी बाहेर काढले, इतकं गार. तू बसून राहिलीस. मग म्हणालीस, "विद्याबाई, इथे मी कुणाची कोण नाहीये. कुणाचा फोन लागत नाही. कुणाचा डबा नाही, कुणाची बोट लागायची नाही. किती बरं वाटतंय."

मी म्हटलं, "माझी मैत्रीण आहेस की."

"ते आहेच," तू म्हणालीस. "ते कशाला मोजायचं?"

तेव्हा मला ते फार आवडलं होतं. अजूनही आवडतं. पण त्याचं पूर्ण उत्तर मी तुला दिलं नव्हतं, ते आज देते. तुला तिथे जे बरं वाटलं ना, कुणाची कोण नसणं, ते मला इथे रोजच असतं गं. बेडोकच्या फ्लॅटचं कुलूप मी लावते आणि मीच उघडते. त्यासाठी मला हिमालयात जायची गरज नव्हती. मी जात होते ती तू चालली होतीस म्हणून. डोंगराचं मला तसं काही नाही. तळी सुंदर असतात हे मान्य, पण मी तळ्याकडे कमी आणि तुझ्याकडे जास्त बघत होते, तू कशी हरखून जातेस ते. हे ऐकून तू भांडली असतीस. म्हणाली असतीस, मग इतकी वर्षं माझ्या मागे फरफटत आलीस की काय? नाही सुलू, फरफटत नाही. मजेत आले.

पुढे खिंड होती आणि खिंडीपलीकडे तुझं ते गंगाबल, हरमुखच्या पायथ्याचं मोठं तळं, ज्याचा फोटो तू वर्षभर फ्रिजवर लावून ठेवला होतास. पाऊस लागला. वर बर्फ पडलं. आपला गाइड गुलजार तंबूत येऊन म्हणाला, "ऊपर ताज़ी बर्फ़ है मैडम, मैं नहीं ले जाऊँगा." तू त्याच्याशी तुझ्या पुणेरी हिंदीत हुज्जत घातलीस, "हमने पूरा साल सीढ़ी चढ़ा है भैया, चावल लेके." त्या माणसाला वाटलं, उंचीमुळे तुझ्या डोक्यावर परिणाम झाला. त्याने तुला गरम पाणी प्यायला दिलं. दोन दिवस वाट बघून आपण आल्या वाटेने परतलो. तू उतरताना मैदानात एकदाच मागे वळलीस आणि "राहिलं" म्हणालीस.

घरी आल्यावर मी दही घेऊन तुझ्याकडे आले तर तू तांदूळ काढू देईनास. "अर्धवट ट्रेकचा भात शिजवायचा नाही. पाकिटं फोडलेली नाहीत, टिकतील. पुढच्या ऑगस्टला गंगाबल करू आणि मग खाऊ." तुझी सॅक तशीच्या तशी, तांदळासकट, तुमच्या बॉम्ब शेल्टरमध्ये गेली. सरकारने लढाईसाठी बांधून दिलेल्या त्या जाड भिंतींच्या खोलीत तुझी लोणची, नाताळचे दिवे, अविनाशच्या बॅगा आणि आता गंगाबलचा भात. माझी सॅक माझ्याकडे पलंगाखाली, तीही तांदळासकट.

आणि मग या वर्षी जिन्यावर तू मध्येच बसलीस. आंटींच्या मजल्याच्याही खाली. बूट चावतोय म्हणालीस. पुढच्या शनिवारी पुन्हा बूट चावला. मी काही दूधखुळी नाही, तुला डॉक्टरकडे ओढून नेलं. हृदय थोडं थकलंय, गोळ्या घ्या, तपासण्या करू, जायचं तर हळू जा आणि वजन उचलू नका, असं त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मी त्यातलं "वजन उचलू नका" ऐकलं. तू त्यातलं "जा" ऐकलंस.

ते भांडण बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये, खाण्याच्या स्टॉलांच्या गर्दीत झालं, आपल्या नेहमीच्या पंख्याखालच्या टेबलावर. मी म्हटलं, सॅक खेचरावर टाकायची, नाहीतर जायचं नाही. तू म्हणालीस, खेचरावर टाकून जायचं तर हेलिकॉप्टरनेच जाऊ. मी म्हटलं, हा कसला हट्ट, कुणाला दाखवायचंय तुला? तेव्हा तू चहाचा ग्लास खाली ठेवलास. "विद्या," म्हणालीस, विद्याबाई नाही. "लग्न झाल्यापासून कुणी ना कुणी माझं सामान उचलतंय आणि मग तेच ठरवतंय की उतरायचं कुठे. मुंबईला उतर, इथे उतर, पुंगोलला उतर. वर्षातले हे सात-आठ दिवस माझं सामान माझ्याकडे असतं. तेवढं राहू दे."

मी म्हटलं, "आणि तुला तिथे काही झालं तर मी काय करू? तुला उचलून आणू?"

"मग तू येऊ नकोस."

"नाही येत जा."

असं झालं. दोघींचं बरोबर होतं, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही तसंच वाटतं. मी चुकले असं मी म्हणणार नाही, तुला ते मिळणार नाही. पण भांडण पुरं व्हायला हवं होतं गं. आपली भांडणं दोन-तीन आठवडे चालायची, मग तू एखादा फालतू विनोद पाठवायचीस आणि संपायचं. या वेळी दोन शनिवार तुझे नुसते अंगठे येत होते. मी वाट बघत होते विनोदाची. फोन आला तो रेवाचा, सकाळी, मी गाडीत उभी असताना. "मावशी, आई इज नॉट वेकिंग अप." तू ओट्याशी चहा टाकला होतास आणि तिथेच खाली बसलीस. जिन्यात नाही गेलीस, सुलू, ते बरं केलंस. जिन्यात गेली असतीस तर मी त्या ब्लॉकमध्ये पुन्हा पाऊल टाकलं नसतं.

आता तेराव्याचं सांगते, कारण ते सांगितल्याशिवाय माझ्याच्याने राहवत नाही.

अविनाश जर्मनीच्या कुठल्याशा बंदरातून उतरून आला होता. घरात काय कुठे आहे याचा त्याला पत्ता नव्हता. मंडळाच्या बायकांनी स्वयंपाक हातात घेतला, पण माणसं अंदाजापेक्षा जास्त आली. तुला एवढी माणसं ओळखत होती हे तुलाही माहीत नसेल. मला वाढायचं काम कुणी दिलं नाही, पाहुणीसारखं पानावर बसवलं. वरण आलं, भात आला. पहिला घास घेतला आणि मला जाणवलं, हा आंबेमोहोर नाही. चिकट होता, जरा गोडसर वासाचा. शेजारच्या बाई म्हणाल्या, "भात गिचका झालाय नाही?"

मी अविनाशला हाक मारली. "हा तांदूळ कुठला?"

"घरातलाच," तो म्हणाला. "कमी पडत होता, मी दुकानात निघालो होतो, तर शेल्टरमध्ये तिच्या सॅकमध्ये दोन पाकिटं सापडली. सॅकमध्ये तांदूळ! ही बाई कुठे काय ठेवेल काही नेम नाही." एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तो हसला होता.

गंगाबलचा भात, सुलू. वर्षभर जपलेला. साठ-सत्तर माणसं वरण घालून खात होती आणि गिचका झाला म्हणून नाक मुरडत होती. मी उठून बेसिनपाशी गेले. मला हसू येत होतं की रडू, माझं मलाच कळेना. अविनाश मागून आला, काय झालं म्हणाला. मी त्याला सगळं सांगितलं. जिना, पाकिटं, आंटी, दहीभात, नियम. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तुम्ही दोघी शनिवारी चालायला जाता एवढंच त्याला ठाऊक. तो भिंतीला टेकून ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "म्हणजे ही हे घेऊन जिने चढायची?" मग तो आपल्या पानावर जाऊन बसला आणि वाढणाऱ्या बाईंना म्हणाला, "भात वाढा अजून." त्याने तो नुसता खाल्ला, वरण न घालता, शेवटच्या शितापर्यंत. मीही माझ्या पानावर जाऊन बसले आणि संपवला.

निघताना रेवाने सॅक माझ्या हातात दिली. "मावशी, यू टेक लाह. बाबा बघतात तिच्याकडे आणि... यू टेक." रिकामी सॅक इतकी हलकी असते हे मी विसरले होते. दारात अविनाशने विचारलं, "ऑगस्टचं बुकिंग आहे ना? तू जाणार आहेस?"

मी नाही म्हटलं. तावातावानेच म्हटलं. एकटी कुठे जाऊ? तुझी सॅक हॉलमध्ये खुर्चीवर ठेवली, आणि त्यानंतरचे रविवार काय सांगू तुला. सकाळी जाग येते, मी बूट घालून बसते. बेल वाजणार नाही हे माहीत असतं. ऊन गॅलरीतून आत सोफ्यापर्यंत येतं, मग मी बूट काढते. ऑफिसात कुणी विचारत नाही, कारण कुणाला माहीत नाही. मंडळाच्या लोकांनी अविनाशला डबे पाठवले, रेवाला जवळ घेतलं, ते योग्यच केलं. माझ्याकडे कुणी कशाला येईल? मला झालंय काय? मैत्रीण गेली.

परवा शनिवारी मी पुंगोलला गेले. का ते विचारू नकोस. पलंगाखालची माझी तांदळाची पाकिटं काढली, तुझ्या सॅकमध्ये भरली आणि तुझ्या ब्लॉकचा जिना चढायला लागले. तुझ्या सॅकचे पट्टे मला आखूड पडतात, ते सैल करायचा मला धीर झाला नाही, म्हणून तशीच चढले. आंटींच्या मजल्यावर पोचले तेव्हा छातीत धाप मावत नव्हती. त्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. मला बघून त्यांनी तोंड उघडलं, आपला तो विनोद करायला, आणि मग माझ्या मागे जिन्याकडे बघितलं. थांबून राहिल्या, कुणी येतंय का म्हणून.

"युअर फ्रेंड व्हेअर?"

एवढ्या दिवसांत हे मला कुणी विचारलं नव्हतं गं. मी म्हटलं, "आंटी, शी पास्ड अवे." आणि मग मी तिथेच पायरीवर बसले आणि रडले. सॅक पाठीवरच होती. आंटी "आय्यो, आय्यो" करत आत गेल्या, प्लास्टिकचं स्टूल आणलं, मला उठवून त्यावर बसवलं आणि हातात बार्लीच्या पाण्याचा गार डबा दिला. मग माझ्या पाठीवर थापट्या मारत म्हणाल्या, "युअर सिस्टर आ?"

"नो आंटी. फ्रेंड."

त्यांनी मान हलवली. "फ्रेंड ऑल्सो सेम, लाह," म्हणाल्या. आणि देव्हाऱ्यातली एक उदबत्ती काढून पेटवली, तुझ्यासाठी. तुझं नाव काय, विचारलं. मी सांगितलं. त्यांनी ते तीन-चार वेळा म्हणून बघितलं, तोंडात बसेपर्यंत. उदबत्ती विझेपर्यंत मी त्या स्टुलावर बसून होते आणि त्या कुंड्यांना पाणी घालत होत्या. निघताना म्हणाल्या, "नेक्स्ट वीक यू कम." विचारत नव्हत्या, सांगत होत्या.

मी वरपर्यंत चढले, तुझ्या दारावरून पुढे, शेवटच्या मजल्यापर्यंत. तिथून समुद्र दिसतो, पलीकडे मलेशिया. आणि तिथे उभी असताना माझ्या ध्यानात आलं की आपण उलटं करून बसलोय, सुलू. भात आधी खाल्ला आणि ट्रेक राहिला. आंटी सोडून सगळ्यांनी खाल्ला. तुझ्या जावेच्या भाच्यानेही खाल्ला. नियम तुझा, मोडला तुझ्या नवऱ्याने, आणि तो निस्तरणार कोण? तुला निस्तरता येत नाही. अविनाशला समुद्रसपाटीच्या वर श्वास घेववत नाही. राहिले मी.

काल गुलजारला फोन केला. त्याला तू पक्की आठवलीस, "चावलवाली मैडम" म्हणाला. तू गेल्याचं सांगितलं. मग त्याने त्याचा नेहमीचा प्रश्न विचारला, खेचर सांगून ठेवू का. अविनाशलाही कळवलंय. परत आले की माझा तांदूळ त्यांच्याकडे शिजेल, दही मी नेईन, सांडगी मिरचीची फोडणी रेवाला शिकवेन. आंटींसाठी थोडा साधा भात वेगळा काढू.

मला भीती वाटते, लपवत नाही. गंगाबलच्या काठावर मी बसेन तेव्हा "इथे किती बरं वाटतंय" असं मला कुणी म्हणणार नाही, आणि मला स्वतःला ते म्हणता येईल असं वाटत नाही. तळ्याकडे एकटीने कसं बघायचं ते मला ठाऊकच नाही. बघेन कसंतरी. तुझ्यासारखं फुलं चुकवत वाकडंतिकडं चालायला मला जमणार नाही, त्याबद्दल आधीच सांगून ठेवते.

आणि आपल्या भांडणाचं म्हणशील, तर गुलजारला मी एकच खेचर सांगितलंय. त्याच्यावर माझी सॅक जाईल. तुझी मी पाठीवर घेतेय.